जेत्याची कीर्ति आणि पराजितांचें मोल



कुस्त्यांचा फड पाहून परतणाऱ्या जाणत्या मंडळींचें बोलणें आपण कधीं ऐकलें असेल, तर एक गोष्ट आपल्या ध्यानांत आली असेल. अमुक पहिलवानानें कुस्ती मारली, एवढ्या वार्तेनें त्यांचें समाधान होत नाहीं. त्यांचा पुढला प्रश्न ठरलेला असतो : जोड कशी होती ? जोड तोलामोलाची असेल तर विजयाचें मोल मोठें. ती हलकी असेल तर मारलेली कुस्तीही हिशेबांत धरावयाची नाहीं. हाच व्यवहारी निकष मुष्टियुद्धाच्या रसिकांनींही पूर्वीपासून आपलासा केलेला आहे. आणि अमेरिकेंतील एका जगज्जेत्याच्या बाबतींत त्यावरून जो वाद सुरू झाला, तो सत्तर वर्षें होऊन गेलीं तरी मिटलेला नाहीं. त्या वादाचा विचार आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

तो जगज्जेता म्हणजे रॉकी मार्सियानो. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील ब्रॉक्टन हें गांव पादत्राणांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध होतें. तेथें १९२३ सालीं एका इटालियन कुटुंबांत त्याचा जन्म झाला. बाप त्या कारखान्यांपैकींच एकांत मजूर होता. सप्टेंबर १९५२ मध्यें त्यानें हेवीवेट, म्हणजे सर्वांत भारी वजनाच्या गटाचें जागतिक अजिंक्यपद जिंकलें, तें सहा वेळां राखलें, आणि एप्रिल १९५६ मध्यें वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं तो निवृत्त झाला. व्यावसायिक लढती ४९; विजय ४९; त्यांपैकीं ४३ वेळां प्रतिस्पर्धी मुदतीपूर्वींच गारद. पराभव एकही नाहीं, बरोबरीही नाहीं. आपली संपूर्ण कारकीर्द अशी निष्कलंक राखणें त्यापूर्वीं कोणाही हेवीवेट जगज्जेत्याला साधलें नव्हतें.

आकड्याला एक मोहिनी असते, आणि या ४९ च्या आकड्यानें पुष्कळांना भुलविलें आहे. १९८५ सालीं लॅरी होम्स हा हेवीवेट जगज्जेता सलग ४८ विजय मिळवून त्या आकड्याच्या उंबरठ्यावर उभा होता. २१ सप्टेंबरला मायकेल स्पिंक्सनें त्याला हरविलें. संतापाच्या भरांत होम्सनें दिवंगत मार्सियानोविषयीं अनुदार उद्गार काढले आणि पुढें त्यांबद्दल क्षमाही मागितली. नंतर २०१७ सालीं हलक्या वजनांच्या गटांतील फ्लॉइड मेवेदर यानें ५० वा विजय मिळवून तो आकडा ओलांडला. पण हा ५० वा प्रतिस्पर्धी कोण होता ? कॉनर मॅकग्रेगर, दुसऱ्या एका द्वंद्वप्रकारांतील नामांकित लढवय्या, पण व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या रिंगणांत त्या दिवशीं प्रथमच पाऊल टाकणारा. मेवेदरनें त्यापूर्वीं मोठमोठ्या योद्ध्यांना हरविलें होतें, हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु ४९ चे ५० ज्या रात्रीं झाले, ती रात्र त्याच्या कीर्तींत फारशी भर घालूं शकली नाहीं. आकडा वाढला म्हणून मोठेपणा वाढतोच असें नाहीं, हें यावरून दिसतें. मग मार्सियानोच्या ४९ चें वजन तरी कसें ठरवावयाचें ?

त्याच्या टीकाकारांची फिर्याद प्रथम नीट ऐकून घेऊं. ते म्हणतात : मार्सियानोनें हरविलेल्यांत खरोखर मोठीं नांवें चारच. जो लुई, जर्सी जो वॉल्कॉट, एझर्ड चार्ल्स आणि आर्ची मूर. मार्सियानोसमोर आला तेव्हां लुई ३७ वर्षांचा होता, वॉल्कॉट ३८ वर्षांचा. मूरच्या जन्मवर्षाविषयीं खुद्द त्याचें आणि त्याच्या मातेचें एकमत नव्हतें. तो ३८ वर्षांचा असावा किंवा ४१ वर्षांचा. चार्ल्स वयानें लहान, तेहेतिशीच्या आसपासचा. पण शेंकडों फेऱ्या लढून शिणलेला. पिकलीं पानें वाऱ्यानें गळून पडलीं, तर त्यांत वाऱ्याचा पराक्रम कोणता ? शिवाय मार्सियानोहून तरुण आणि पुढें थोर ठरलेला असा एकही मल्ल त्याच्या यादींत नाहीं.

फिर्याद वजनदार आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिचा सारा भर वयाच्या आंकड्यावर आहे. आणि विजयाचा नुसता आकडा जर फसवूं शकतो, तर वयाचा आकडाही फसवूं शकेल. एखादा योद्धा त्या विशिष्ट रात्रीं कोणत्या योग्यतेचा होता, हें ठरविण्यास त्याहून चांगली साक्ष उपलब्ध असते. त्या रात्रीच्या आधीं तो काय करीत होता आणि त्या रात्रीनंतर त्यानें काय केलें, ही ती साक्ष होय. या दृष्टीनें चौघांकडे एकेक करून पाहूं.

जो लुईच्या बाबतींत फिर्याद बव्हंशीं मान्य करावी लागते. १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेता राहिलेला आणि २५ वेळां आपलें पद राखणारा हा महान् योद्धा एकदां निवृत्त झाला होता. करांच्या थकबाकीनें त्याला पुनः रिंगणांत आणलें. १९५० सालीं चार्ल्सनें त्याला गुणांवर हरविलें. त्यानंतर त्यानें सलग आठ लढती जिंकल्या, हें खरें. आणि २६ ऑक्टोबर १९५१ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें तो मार्सियानोसमोर आला तेव्हां पैजांच्या बाजारांत त्याचेंच पारडें किंचित् जड होतें. तरी पण पायांतील चपळाई गेलेली होती, उजव्या हाताचा तो जुना विजेसारखा ठोसा राहिला नव्हता. आठव्या फेरींत तो दोरांतून बाहेर कोसळला आणि त्यानंतर व्यावसायिक लढत अशी तो पुनः कधींच लढला नाहीं. लढतीनंतर मार्सियानो त्याच्या खोलींत जाऊन रडला, असें सांगतात. लुईला हरविल्याचा विजय मार्सियानोच्या नांवावर आहे. पण लुईचें नांव ज्या पराक्रमांमुळें मोठें झालें, त्या लुईला हरविल्याचें श्रेय तो विजय देऊं शकत नाहीं.

वॉल्कॉटची गोष्ट निराळी आहे. १९३० पासून तो व्यावसायिक लढती लढत होता. घरीं सहा मुलें. त्यामुळें वर्षानुवर्षें मिळेल ती मजुरी करावयाची, मधूनच रिंगणांत उतरावयाचें, तेंही बहुधा पुरेशा तयारीशिवाय, असा त्याचा क्रम होता. चांगला शिक्षक, पोटभर अन्न आणि स्वस्थता हीं त्याला तारुण्य ओसरल्यावर मिळालीं. डिसेंबर १९४७ मध्यें, ३३ व्या वर्षीं, त्यानें जो लुईला दोनदां जमिनीवर पाडलें. निकाल लुईच्या बाजूनें लागला, पण पाहणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या मतें तो वॉल्कॉटचाच विजय होता. जुलै १९५१ मध्यें, पांचव्या प्रयत्नांत, ३७ व्या वर्षीं, चार्ल्सला एका डाव्या ठोशानें झोपवून तो जगज्जेता झाला. म्हणजे वॉल्कॉटचें वय वाढत होतें त्याच काळांत त्याची योग्यताही वाढत होती. अशा माणसाला ३८ वर्षांचा म्हणून म्हातारा ठरविणें हें त्याचा इतिहास न वाचतां केवळ जन्मपत्रिका वाचण्यासारखें आहे.

२३ सप्टेंबर १९५२ च्या रात्रीं फिलाडेल्फियांत हें सिद्ध झालें. पहिल्याच फेरींत वॉल्कॉटनें मार्सियानोला खालीं पाडलें. आयुष्यांत प्रथमच मार्सियानोचें अंग जमिनीला लागलें होतें. बारा फेऱ्या संपल्या तेव्हां तिन्ही परीक्षकांच्या हिशेबीं वॉल्कॉट पुढें होता. तेराव्या फेरींत, दोराजवळ, मार्सियानोचा एक आंखूड उजवा ठोसा वॉल्कॉटच्या जबड्यावर बसला आणि सारें संपलें. त्या रात्रींचा वॉल्कॉट हा कदाचित् आयुष्यांतील सर्वोत्तम वॉल्कॉट होता. आठ महिन्यांनीं झालेल्या दुसऱ्या लढतींत मात्र तो पहिल्याच फेरींत गारद झाला आणि मग कधीं लढला नाहीं. एकाच माणसावर मिळविलेले हे दोन विजय नोंदवहींत सारखे दिसतात. त्यांचें मोल मात्र एक नाहीं. पहिला सोन्याच्या भावाचा आहे, दुसरा नाहीं.

एझर्ड चार्ल्स या दोन टोकांच्या मध्यें उभा आहे. त्याच्या खऱ्या वैभवाचा काळ लाइट हेवीवेट, म्हणजे एक पायरी खालच्या गटांतील. १९४६ ते १९४८ या अवधींत त्यानें आर्ची मूरला तीन वेळां हरविलें होतें. १९५४ मधील चार्ल्स तो राहिला नव्हता. पण त्या वर्षीं १७ जून रोजीं यँकी स्टेडियमवर तो पूर्ण पंधरा फेऱ्या मार्सियानोसमोर उभा राहिला. ४९ लढतींच्या त्या मालिकेंत इतक्या दूरवर त्याला नेणारा हा एकटाच. तीन महिन्यांनीं झालेल्या दुसऱ्या लढतींत चार्ल्सनें मार्सियानोचें नाक असें फाडलें कीं रक्त थांबेना. सामना केव्हांही थांबविला जाईल आणि पद जाईल, अशी ती वेळ होती. आठव्या फेरींत मार्सियानोनें चार्ल्सला बाद केलें. एखाद्या थकलेल्या, नावापुरत्या उरलेल्या माणसाला हें करतां आलें असतें काय ?

राहिला आर्ची मूर. २१ सप्टेंबर १९५५ रोजीं साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यानें दुसऱ्या फेरींत मार्सियानोला खालीं पाडलें, मग स्वतः पुनःपुनः पडला आणि उठला. आठव्या फेरीनंतर, सामना थांबवावा काय, असें विचारलें असतां त्यानें नकार दिला, आणि नवव्या फेरींत तो बाद झाला. येथें नंतरची साक्ष फार बोलकी आहे. मूर तेव्हां लाइट हेवीवेटचा जगज्जेता होता, आणि त्यानंतर आणखी सुमारें सहा वर्षें तो त्या पदावर राहिला. डिसेंबर १९५८ मध्यें इव्हॉन ड्युरेलसमोर चार वेळां जमिनीवर पडूनही त्यानें अकराव्या फेरींत विजय खेचून आणला. जो मनुष्य तीन वर्षांनंतर असा पराक्रम करतो, त्याला १९५५ सालीं पिकलें पान म्हणणें सत्याला धरून नाहीं. एवढें मात्र खरें कीं तो मूळचा हलक्या गटांतला. भारी गटांत त्याची योग्यता तितकीच होती असें म्हणतां येत नाहीं.

उरलेल्या दोन आव्हानवीरांपैकीं रोलंड ला स्टार्झा हा कुशल, पण पहिल्या प्रतीचा नव्हे. आणि इंग्लंडचा डॉन कॉकेल धैर्यानें असामान्य असला तरी योग्यतेनें दुय्यमच. एक आक्षेप याहूनही महत्त्वाचा आहे. क्यूबाचा निनो व्हाल्डेस हा त्या वेळीं अग्रगण्य आव्हानवीर मानला जात होता. १९५३ सालीं त्यानें चार्ल्सला हरविलेंही होतें. तरी त्याला संधि मिळाली नाहीं. पण मे १९५५ मध्यें मूरनें व्हाल्डेसला हरविलें आणि मार्सियानो मूरशीं लढला. म्हणजे दार चुकविल्याचा दोष राहतो, परंतु घर चुकविल्याचा राहत नाहीं.

आतां या वादांतील ज्या प्रश्नाकडे क्वचितच लक्ष दिलें जातें, त्याकडे वळूं. लुई, वॉल्कॉट, चार्ल्स, मूर हे चौघेही कृष्णवर्णीय होते. लुई सोडला तर बाकीचे तिघे मार्सियानोसमोर इतक्या उशिरां कां आले ? १९१५ सालीं जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता हरला. त्यानंतर १९३७ सालीं लुईनें तें पद जिंकीपर्यंत, बावीस वर्षें, एकाही कृष्णवर्णीय योद्ध्याला हेवीवेट पदासाठीं लढूं दिलें गेलें नाहीं. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ पर्यंत जगज्जेता होता. हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय योद्धा त्यांतील बरींच वर्षें त्याचा सर्वांत योग्य आव्हानवीर होता. पण ती लढत कधींच झाली नाहीं. दोष एकट्या डेम्प्सीचा नव्हता. लढती भरविणारे व्यापारी, राजकारणी पुढारी आणि एकंदर समाज यांचा त्यांत वाटा होता. लुईनें तें दार उघडलें तरी वाट एकदम मोकळी झाली नाहीं. मूरला लाइट हेवीवेट पदाची पहिली संधि १९५२ च्या डिसेंबरांत मिळाली. तोंवर त्याला लढत असतां सोळा-सतरा वर्षें झालीं होतीं. त्याच मूरला तीनदां हरविणाऱ्या चार्ल्सला तर त्या गटाच्या पदासाठीं कधींच लढावयास मिळालें नाहीं.

म्हणून, 'मार्सियानोचे प्रतिस्पर्धी वयस्क होते', एवढेंच म्हणून थांबणें मला अन्यायाचें वाटतें. तो अन्याय मार्सियानोवर थोडा आणि त्या माणसांवर अधिक आहे. त्यांच्या तारुण्याचीं वर्षें त्यांना वाट पाहण्यांत घालवावीं लागलीं. आणि शेवटीं दार उघडल्यावर ते जें लढले, तें लढणेंही आम्ही 'म्हातारपणचें' म्हणून वजा करूं लागलों, तर एकाच अपराधाची शिक्षा, आणि तीही निरपराध्यांस, दुसऱ्यांदा केल्यासारखें होईल.

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती जो लुईच्याच चरित्रांत सांपडते. १९४०-४१ च्या सुमारास लुई जवळजवळ दरमहा एक आव्हानवीर घेत असे, आणि त्यांतील पुष्कळ इतके सामान्य होते कीं वृत्तपत्रांनीं त्या मालिकेला 'महिन्याचा भणंग' अशा अर्थाचें कुत्सित नांव दिलें होतें. त्या भणंगांपैकीं बडी बेअर यानें लुईला एकदां दोरांपलीकडे फेंकलें. त्याच सुमारास बिली कॉन हा वजनानें बराच हलका तरुण बारा फेऱ्यांअंतीं त्याच्या पुढें होता, आणि तेराव्या फेरींत दोन सेकंद उरले असतां बाद झाला. तरी लुईच्या मोठेपणाविषयीं कोणी फारसा वाद घालीत नाहीं. कां ? एक तर ज्या मॅक्स श्मेलिंगनें १९३६ सालीं त्याला हरविलें होतें, त्याला १९३८ सालीं त्यानें १२४ सेकंदांत गारद केलें. आणि दुसरें, त्यानें कोणालाही टाळलें नाहीं. आपला काळ कोणता असावा, त्यांत जोडीला कोण असावेत, हें योद्ध्याच्या हातीं नसतें. जे आहेत त्यांना सामोरें जावयाचें कीं नाहीं, एवढेंच त्याच्या हातीं असतें.

हा वाद कायमचा मिटविण्यासाठीं एक चमत्कारिक प्रयोगही होऊन गेला, आणि तो रेडिओवरच. १९६७ सालीं मरी वोरोनर या अमेरिकन निर्मात्यानें निरनिराळ्या काळांतील १६ हेवीवेट जगज्जेत्यांची माहिती संगणकाला पुरवून त्यांच्या काल्पनिक लढती लावल्या, आणि त्यांचीं 'वर्णनें' खऱ्या लढतींसारखीं प्रक्षेपित केलीं. शेवटच्या लढतींत मार्सियानोनें डेम्प्सीला हरविलें. या स्पर्धेंत आपणांस जुन्या काळच्या जेफ्रीजकडून हरविलें गेल्यामुळें मुहंमद अली चिडला आणि न्यायालयांत गेला. पुढें १९६९ सालीं अली व मार्सियानो यांना समोरासमोर आणून एक चित्रपट काढण्यांत आला. ४५ वर्षांच्या मार्सियानोनें त्यासाठीं वजन उतरविलें आणि डोक्याला केसांचा टोप चढविला. शेवट अनेक प्रकारचे घेतले गेले. त्यांतला कोणता दाखविणार हें दोघांनाही सांगितलें नव्हतें. जानेवारी १९७० मध्यें अमेरिकेंतील चित्रगृहांत तो दाखविला गेला तेव्हां मार्सियानो तेराव्या फेरींत जिंकतो असें लोकांनीं पाहिलें. तो पाहण्यास मार्सियानो मात्र जिवंत नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजीं, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, विमान-अपघातांत त्याचा अंत झाला होता. यंत्रानें उत्तर दिलें. वाद होता तेथेंच राहिला. कारण जी लढत झाली नाहीं, तिच्यांत कोणी रक्त सांडलेलें नसतें, आणि तिच्या निकालाची जबाबदारीही कोणावर नसते.

तेव्हां सारांश काय ? मार्सियानो हा सर्व काळांतील सर्वश्रेष्ठ हेवीवेट होता, हें ४९ या आकड्यानें सिद्ध होत नाहीं. उमेदीच्या काळांतील, पुढें थोर ठरलेला प्रतिस्पर्धी त्याला लाभला नाहीं. तो निवृत्त झाला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत २१ वर्षांचा फ्लॉइड पॅटर्सन मूरला बाद करून जगज्जेता झाला, पण त्याची व मार्सियानोची गांठ पडली नाहीं. ही उणीव त्याच्या खात्यावर मांडावीच लागेल. त्याच खात्याच्या दुसऱ्या बाजूस मला तीन रात्री मांडाव्याशा वाटतात : १९५२ ची वॉल्कॉटची, आणि १९५४ च्या चार्ल्सच्या दोन. त्या रात्रीं तो हरण्याच्या बेतांत होता, किंवा हरूं शकत होता, आणि हरला नाहीं. बाकीचे शेहेचाळीस विजय नसते आणि या तीनच रात्री असत्या, तरी जाणत्यांनीं त्याला मोठा म्हटलें असतें. या तीन नसत्या आणि बाकीचे शेहेचाळीस असते, तर मात्र कोणी म्हटलें असतें असें मला वाटत नाहीं.

आणि त्या तीन रात्री ज्यांनीं त्याला दिल्या, त्या वॉल्कॉट आणि चार्ल्स यांचीं नांवें घेतल्यावांचून त्याचें नांव घेऊं नये. वॉल्कॉट पुढें न्यू जर्सींतील आपल्या कॅम्डन जिल्ह्याचा शेरीफ म्हणून लोकांकडून निवडला गेला. तो मान मिळविणारा तेथील तो पहिला कृष्णवर्णीय होय. चार्ल्सला दैवानें तेवढीही साथ दिली नाहीं. स्नायु हळूहळू निकामी करणाऱ्या दुर्धर व्याधीनें तो अनेक वर्षें खिळून पडला आणि १९७५ सालीं वारला. नोंदवहींत मार्सियानोच्या नांवापुढें त्याचे दोन पराभव लिहिलेले आहेत. त्या दोन ओळी वाचतांना पहिलीच्या शेवटीं असलेला पंधरा हा फेऱ्यांचा आकडाही वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.